मत यंत्राने मोजावं, पुरावा मात्र यंत्राबाहेर असावा

प्रश्न असा आहे: लोकशाही निवडणुकीत इलेक्ट्रॉनिक मतदानाचे फायदे जास्त की धोके जास्त? आणि त्याच्या शेपटाला हमखास लागून येणारा दुसरा: फोनवरून पैसे पाठवता येतात, मग मत का देता येऊ नये?

गेली वीस-बावीस वर्षं मी मतदानाची आणि मतमोजणीची यंत्रं तपासण्याचं काम करतो. सॉफ्टवेअर वाचायचं, यंत्र उघडायचं, सील न फाडता निघतं का बघायचं, आणि निकालानंतर कागद मोजून यंत्राचा आकडा जुळतो का ते पडताळायचं. या विषयावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू मला आपला समजतात आणि तासाभरात दोघीही माझ्यावर चिडतात. तेव्हा उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक गोष्ट साफ करू. ‘इलेक्ट्रॉनिक मतदान’ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी येतात. कागदी मतपत्रिकेवर मतदाराने खूण करायची आणि स्कॅनरने मोजायची, ही एक. बटण किंवा टचस्क्रीन, आणि मत फक्त मेमरीत, ही दुसरी. तसंच यंत्र, पण सोबत मतदाराला दिसेल अशी छापील चिठ्ठी, ही तिसरी. आणि घरबसल्या इंटरनेटवरून, ही चौथी. यातल्या पहिलीला माझा जवळजवळ बिनशर्त पाठिंबा आहे, दुसरीला ठाम विरोध. निम्मे वाद होतात ते एकजण पहिलीबद्दल बोलत असतो आणि दुसरा चौथीबद्दल म्हणून.

आता फायदे. माणसांनी हाताने मोजलेलं म्हणजे बिनचूक, ही समजूत ज्याने कधी मोजणीला बसून पाहिलं नाही त्याचीच असते. एका पडताळणीत आम्ही शंभर-शंभर मतपत्रिकांचे गठ्ठे मोजत होतो. एकजण मतपत्रिका उचलून नाव वाचतो, दुसरा रेघा मारतो, चार उभ्या आणि पाचवी आडवी. एका गठ्ठ्यात एका उमेदवाराच्या मतांचा यंत्राचा आकडा होता ४७. पहिल्या जोडीने मोजले ४६. दुसऱ्या जोडीकडे दिला, तर ४८. टेबलाभोवती उभ्या असलेल्या प्रतिनिधींच्या भुवया वर गेल्या. मग गठ्ठा पंख्यासारखा पसरून एकेक कागद बोटांनी चोळून बघितला. दोन मतपत्रिका एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यामुळे पहिल्या जोडीचा गठ्ठाच ९९ चा झाला होता. दुसऱ्या जोडीतल्या बाईंनी मध्येच पाणी प्यायला पेन खाली ठेवलं होतं आणि परत आल्यावर तीच रेघ दोनदा ओढली होती. बरोबर होतं यंत्र. दुपारचे चार वाजलेले, सकाळपासून सगळे त्याच खुर्चीवर बसलेले. अशा वेळी माणसाकडून एवढं होणारच. यंत्राला दुपारचे चार वाजत नाहीत.

वेग आणि अचूकता हे झाले ठळक फायदे. पण माझ्या मते सर्वात मोठा फायदा वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते: बाद मतं. ब्राझीलमध्ये पूर्वी लोकप्रतिनिधी निवडायचा तर मतदाराला कागदावर उमेदवाराचं नाव किंवा क्रमांक लिहावा लागे. ज्याला धड लिहिता येत नाही त्याचं मत बाद व्हायचं किंवा कोरं जायचं. १९९६ पासून तिथे यंत्रं आली. अंकांची पाटी, क्रमांक दाबला की पडद्यावर उमेदवाराचा फोटो, आणि पटलं तर हिरवं बटण. १९९८ च्या निवडणुकीत यंत्रं सगळ्यांना पुरणार नव्हती, म्हणून बहुतेक राज्यांत ४०,५०० हून जास्त मतदार असलेल्या नगरपालिकांना यंत्रं मिळाली आणि त्याहून लहान ठिकाणी कागद राहिला. थॉमस फुजिवारा या अर्थशास्त्रज्ञाने नेमक्या या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची गावं तुलनेला घेतली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात दिसलं की यंत्रामुळे एकूण मतांच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त मतं, जी आधी वाया जात होती, ती मोजणीत आली. ही मतं मुख्यतः कमी शिकलेल्या, गरीब मतदारांची होती. पुढे सार्वजनिक आरोग्यावरचा खर्चही वाढला. कायद्याने मताधिकार केव्हाच दिलेला होता, तो हातात पडला एका अंकांच्या पाटीमुळे.

भारतातही शिक्का दोन चौकटींच्या मध्ये पडला, शाई घडीतून उमटली, असली बाद मतं यंत्राबरोबर संपली. शिवाय मतदान केंद्र ताब्यात घेऊन शिक्के मारत बसण्याचा जुना उद्योग अवघड झाला. यंत्र मिनिटाला चार-पाचच्या वर मतं घेतच नाही आणि मतदान केंद्राध्यक्षाने ‘क्लोज’ दाबलं की त्याचं काम तिथेच थांबतं. पेटीत हजार मतपत्रिका कोंबायला दहा मिनिटं पुरायची, यंत्राला त्यासाठी तीन-चार तास लागतील. सुरक्षेच्या दृष्टीने हा फार साधा आणि फार हुशार उपाय आहे. दृष्टिहीन मतदाराला कुणाच्या मदतीशिवाय, म्हणजे खऱ्या अर्थाने गुप्त मत देता येणं, हाही यंत्राचाच लाभ.

मग अडचण कुठे आहे? आमच्या धंद्यात म्हणतात, कागदावरची लबाडी किरकोळ असते, यंत्रावरची घाऊक. शंभर केंद्रांवर पेट्या बदलायच्या तर शंभर टोळ्या लागतात, आणि शंभर टोळ्यांत कुणीतरी बोलतंच. सॉफ्टवेअरमधली एक ओळ मात्र एका खोलीत बसून एक माणूस लिहितो आणि ती हजारो यंत्रांत एकदमच पोचते. त्या माणसाचा हेतू वाईटच असला पाहिजे असंही नाही. माझ्या अनुभवात चुका लबाडीपेक्षा कितीतरी जास्त सापडतात, आणि मतदाराच्या दृष्टीने मत चुकीने गेलं काय किंवा चोरीने गेलं काय, गेलं ते गेलंच.

तीन प्रकरणं सांगतो. तिन्हीत कुणी हॅकर नव्हता.

२००४ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कार्टरेट काउंटीत मुदतपूर्व मतदानासाठी ठेवलेल्या यंत्राची मेमरी ३,००५ मतांची होती. ती भरली, तरी यंत्र मतं घेतच राहिलं. त्यानंतरची ४,४३८ मतं कुठेच साठवली गेली नाहीत. कागद नव्हता, त्यामुळे ती मतं कोणत्या उमेदवाराला पडली होती हे आजवर कुणालाही कळलेलं नाही आणि कळणारही नाही.

२००३ साली बेल्जियममध्ये स्कारबेक इथे एका छोट्या पक्षाच्या उमेदवाराला गणिताने शक्यच नव्हती इतकी मतं पडलेली दिसली. मतदारांची मतं नोंदलेली चुंबकीय कार्डं पुन्हा वाचली तेव्हा फरक निघाला बरोबर ४,०९६ चा. संगणकाशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला हा आकडा ओळखीचा वाटेल: २ चा १२ वा घात. मेमरीतला एक बिट, म्हणजे शून्य किंवा एक साठवणारी जागा, तेरावा, शून्याचा एक झाला होता. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली नाही. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने तो बिट पलटवला असावा, असा अंदाज बांधला गेला. हा किस्सा ऐकून लोक हसतात. मला मात्र दर वेळी वाटतं, तोच बिट एखाद्या मोठ्या पक्षाच्या उमेदवाराच्या खात्यात पलटला असता, तर ४,०९६ जादा मतं कुणाच्या डोळ्यांवर आली असती का?

तिसरं प्रकरण २०१९ चं, पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्दॅम्प्टन काउंटीचं. न्यायाधीशपदाच्या एका उमेदवाराला सुमारे ५५,००० मतपत्रिकांमध्ये फक्त १६४ मतं, असं यंत्रांनी दाखवलं. काही केंद्रांवर तर शून्य. टचस्क्रीनची मांडणी चुकली होती. पण या यंत्रांतून प्रत्येक मताचा कागद निघत होता. तो कागद रातोरात पुन्हा मोजला, आणि तो उमेदवार थोड्या फरकाने विजयी निघाला.

कार्टरेट आणि नॉर्दॅम्प्टन यांच्यात फरक एवढाच की एका ठिकाणी यंत्राबाहेर पुरावा होता, दुसऱ्या ठिकाणी नव्हता. चूक दोन्हीकडे झाली, दुरुस्त एकीकडेच झाली. या क्षेत्रात रॉन रिव्हेस्ट आणि जॉन वॅक या संगणकतज्ज्ञांनी २००६ साली मांडलेली एक कसोटी आहे. सॉफ्टवेअरमध्ये न सापडलेली चूक असेल, तर तिच्यामुळे निकालात न कळणारा बदल होता कामा नये. सॉफ्टवेअर निर्दोष असलं पाहिजे, अशी मागणी ती करत नाही. दोष असला तरी तो दडून राहू नये, एवढंच तिचं म्हणणं. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला मी पहिल्यांदा हाच प्रश्न विचारतो.

‘पण सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी तपासलेलं असतं ना?’ असतं. मीच तपासतो, म्हणून सांगतो: मी तपासलेला सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, आणि मतदानाच्या दिवशी यंत्रात चालणारा कोड एकच आहे, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं होतं की सोर्स कोड स्वच्छ असतानाही, त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरमधून चोरदरवाजा घालता येतो. मग पर्याय काय, तर यंत्रालाच विचारायचं की बाबा, तुझ्यात कोणता कोड आहे, तुझी ओळखखूण सांग. ही ओळखखूण जमेची बाजू आहे, नाही असं नाही, पण बिघडलेलं यंत्र आपण बिघडलोय असं का सांगेल? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असला हा प्रकार.

सीलबद्दलही दोन शब्द. लोकांचा सीलवर फार विश्वास असतो. एका सरावात माझ्या सहकाऱ्याने केस वाळवायचं साधं यंत्र आणि पातळ पातं घेऊन चिकटपट्टीचं सील काढलं आणि परत लावलं. पाच मिनिटांच्या आत. नंतर ते आम्ही केंद्रावर काम केलेल्या सहा माणसांना दाखवलं, आणि सहाही जणांनी ‘ठीक आहे’ म्हणून सही केली. त्यांचा दोष नव्हता. फाटलेलं सील कसं दिसतं हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. सीलचा क्रमांक लिहून घ्यायचा असतो आणि तो जुळवायचा असतो. बहुतेक ठिकाणी लिहून घेतात आणि जुळवायचं राहतं.

नेदरलँड्सची गोष्ट आमच्या क्षेत्रात वारंवार सांगितली जाते. तिथे नेडॅप कंपनीची यंत्रं वर्षानुवर्षं वापरात होती. कंपनीचं म्हणणं, हे यंत्र फक्त मतंच मोजू शकतं, बुद्धिबळ खेळणार नाही. २००६ साली रॉप गॉन्गग्रिप आणि त्यांच्या साथीदारांनी ते यंत्र मिळवलं आणि त्याला बुद्धिबळ खेळायला लावलं. त्याहून वाईट गोष्ट पुढे निघाली. पडद्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी काही मीटरवरून साध्या उपकरणाने ऐकता येत होत्या. एका पक्षाच्या नावात मात्रेसारखी खूण असलेलं एक अक्षर होतं. ते अक्षर आलं की पडद्याची वारंवारता बदले आणि लहरींचा सूर पालटे. म्हणजे मतदाराने तो पक्ष निवडला की बाहेर उभ्या माणसाला कळणार. एका स्वरचिन्हाने गुप्त मतदान उघडं पाडलं. २००८ मध्ये नेदरलँड्स पुन्हा कागद आणि लाल पेन्सिलीवर गेलं. आयर्लंडनेही त्याच घराण्याची साडेसात हजारांच्या आसपास यंत्रं घेतली होती. २००२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत तीन मतदारसंघांत वापरली, मग शंका आल्या आणि शेवटी २०१२ साली भंगारात काढली. खर्च झाला होता पाच कोटी युरोंहून जास्त, भंगाराचे आले सत्तर हजारांच्या आसपास.

जर्मनीतला निकाल मात्र वेगळ्या पातळीवरचा आहे. ३ मार्च २००९ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने २००५ च्या निवडणुकीतल्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. यंत्रांत गडबड झाल्याचा पुरावा नव्हता, म्हणून निवडणूकही रद्द केली नाही. न्यायालयाचं म्हणणं असं की निवडणूक ही सार्वजनिक गोष्ट आहे. मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, कोणत्याही खास तांत्रिक ज्ञानाशिवाय, तपासून बघता आले पाहिजेत. मला हा निकाल माझ्यासारख्यांच्या विरुद्धच वाटतो, आणि तरी तो पटतो. तज्ज्ञ मंडळी ‘आम्ही पाहिलं, सगळं ठीक आहे’ म्हणाली, याने नागरिकाचं समाधान का व्हावं? कागदी मोजणी बघायला आलेल्या शेतकऱ्याला किंवा शिंप्याला माझ्या प्रमाणपत्राची गरज पडत नव्हती.

म्हणून यंत्राबरोबर कागद हवा. पण कागद निघाला म्हणजे काम झालं, हीसुद्धा फसगतच. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लुटुपुटूची निवडणूक, यंत्रं मुद्दाम बिघडवलेली, प्रत्येक छापील मतपत्रिकेवर एक मत बदललेलं. छापलेला कागद वाचून बघितला तो ४० टक्के लोकांनी. काहीतरी चुकलंय असं कर्मचाऱ्याला सांगितलं ते ६.६ टक्क्यांनी. भारतात व्हीव्हीपॅटची, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेल्या छपाई यंत्राची, चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. मतदार म्हणाला, चिठ्ठी चुकीची आली, तर त्याला लेखी निवेदन देऊन चाचणी मत टाकावं लागतं, आणि तक्रार खोटी ठरली तर कारवाई होऊ शकते. खोट्या तक्रारींनी मतदान बंद पाडलं जाऊ नये हा हेतू मी समजू शकतो. पण खरोखर चूक दिसलेला, जरा भिडस्त मतदार यातून काय करेल? गप्प बाहेर पडेल.

आणि निघालेला कागद मोजणार किती? इथे थोडं गणित करू या. भारतात २०१९ पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडल्या जातात. समजा मतदारसंघात २५० केंद्रं आहेत. त्यातल्या ५० यंत्रांत गडबड असेल तर पाचाच्या नमुन्यात निदान एक सापडण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के. गडबड फक्त ५ यंत्रांत असेल तर शक्यता उरते दहा टक्क्यांच्या आसपास. आता, पाच यंत्रांच्या गडबडीने निकाल बदलेल का? एका केंद्रावर एका उमेदवाराची शंभर मतं दुसऱ्याच्या खात्यात गेली तर फरक दोनशेने हलतो, पाच केंद्रांवर हजाराने. म्हणजे विजयाचा फरक ४०,००० असेल तर पाच केंद्रांचा नमुना भरपूर झाला, कारण तेवढा फरक उलटवायला दोनशे यंत्रं बिघडवावी लागतील आणि मग पाचात एकही न सापडणं जवळपास अशक्य. फरक सातशेचा असेल तर मात्र तोच नमुना तोकडा.

त्यामुळे ‘पाच पुरेत की शंभर टक्के मोजा’ हा वादच मला चुकीच्या जागी चाललेला वाटतो. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. त्याबद्दल मला फार दुःख नाही. सगळं सरसकट मोजायची गरज बहुतेक ठिकाणी नसतेच. मला हवा असतो तो नमुना विजयाच्या फरकाप्रमाणे लहान-मोठा होणारा. त्याला मार्ग आहे. फिलिप स्टार्क या संख्याशास्त्रज्ञाने मांडलेली जोखीम-मर्यादित पडताळणी अमेरिकेतल्या कोलोरॅडोने २०१७ मध्ये पहिल्यांदा राज्यभर वापरली. तिथे आधी ठरवतात की निकाल चुकीचा असूनही तो तसाच सुटून जाण्याची जास्तीत जास्त किती शक्यता आपण चालवून घेणार. मग सगळ्यांसमोर दहा बाजूंचे फासे वीस वेळा टाकतात. त्या वीस अंकांवरून ठरतं की कोणत्या पेटीतली कितवी मतपत्रिका काढायची. कागद यंत्राशी जुळत गेले तर थांबायचं, विसंगती दिसली तर पुढे मोजत जायचं, अगदी शेवटी सगळी हाताने मोजण्यापर्यंत. फासे फेकताना बघायला कुणालाही येता येतं. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसू आलं होतं. लाखो मतांचा निकाल आणि तिथे फासे! पण कोणती पेटी तपासायची हे आधीपासून कुणालाच माहीत नसणं, यातच सगळी मेख आहे.

इंटरनेट मतदानाकडे येतो. बँकेचे व्यवहार ऑनलाइन होतात ते काही बँका अभेद्य आहेत म्हणून नव्हे. तिथे रोज फसवणूक होते. फक्त ती दिसते, कारण तुमच्याकडे खात्याचा उतारा असतो. चुकीची वजावट दिसली की तुम्ही तक्रार करता, बँक व्यवहार उलटवते, नुकसान कुणाच्या तरी वहीत लिहिलं जातं. मताच्या बाबतीत तुमच्या नावाने उतारा ठेवायचाच नसतो. ‘या माणसाने याला मत दिलं’ अशी पावती असेल तर ती विकत घेणारा आणि धमकावून मागणारा, दोघंही दारात उभे. कोणालाही कळू नये आणि तरी बरोबर मोजल्याची खात्री पटावी, अशा दोन विरुद्ध मागण्या एकाच वेळी पुऱ्या करायच्या, हे आमच्या क्षेत्रातलं सर्वात अवघड कोडं आहे. ब्लॉकचेनने, म्हणजे अनेक संगणकांवर पसरलेल्या आणि मागाहून बदलता न येणाऱ्या नोंदवहीने, ते सुटत नाही. मतदाराच्या फोनमध्येच खोड असेल तर चुकीचं मत ब्लॉकचेनवर कायमचं आणि न पुसता येण्यासारखं नोंदलं जाईल, इतकंच.

२०१० मध्ये वॉशिंग्टन शहराने आपली इंटरनेट मतदान व्यवस्था प्रत्यक्ष निवडणुकीआधी सार्वजनिक चाचणीसाठी उघडली. हे धाडस कौतुकाचंच होतं. मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक अ‍ॅलेक्स हाल्डरमन यांच्या विद्यार्थ्यांच्या चमूने ४८ तासांच्या आत ती ताब्यात घेतली आणि सगळी मतं बदलली. ‘मत दिल्याबद्दल आभार’ या पानावर त्यांनी आपल्या विद्यापीठाचं गाणं वाजेल अशी सोय केली होती, आणि तरीही अधिकाऱ्यांना कळायला जवळजवळ दोन दिवस गेले. खरा हल्लेखोर गाणं वाजवणार नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सची व्यवस्था डिसेंबर २०२१ च्या स्थानिक निवडणुकांत मतदानाच्या दिवशी नुसती ताण न पेलल्याने कोलमडली. अनेकांना मत देता आलं नाही, आणि न्यायालयाने तीन ठिकाणच्या निवडणुका रद्दबातल केल्या.

एस्टोनियाचं उदाहरण मला नेहमी तोंडावर फेकलं जातं, आणि ते खरं आहे. तिथे २००५ पासून इंटरनेट मतदान आहे आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं त्या मार्गाने आली. त्यांनी बऱ्याच गोष्टी विचारपूर्वक केल्या आहेत. प्रत्येकाकडे चिप असलेलं ओळखपत्र, दबावाखाली मत द्यावं लागलं तर नंतर पुन्हा देण्याची मुभा आणि शेवटचंच मत ग्राह्य, वर कागदी मत दिलं तर ते सगळ्यांच्या वरचढ. पण २०१७ मध्ये त्याच ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला आणि साडेसात लाखांच्या आसपास कार्डांची प्रमाणपत्रं थांबवावी लागली. स्वित्झर्लंडच्या टपाल कंपनीने, स्विस पोस्टने, २०१९ मध्ये आपल्या इंटरनेट मतदान व्यवस्थेचा कोड लोकांसमोर ठेवला, तेव्हा बाहेरच्या संशोधकांनी मतं बदलून वर सगळं ठीक असल्याचा खोटा गणिती पुरावा तयार करता येईल अशी फट दाखवून दिली. वापर थांबवला, दुरुस्ती झाली, २०२३ मध्ये काही कँटनांत (तिथल्या प्रांतांत) मर्यादित मतदारांसाठी पुन्हा सुरुवात झाली. स्विसांचा हा सावध, उघड्यावर चुका मान्य करणारा मार्ग मला एस्टोनियाच्या आत्मविश्वासापेक्षा जास्त आवडतो.

एक बारीकसा तोटा राहून जाईल, म्हणून इथेच सांगतो. कागदाच्या दिवसांत भारतात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी एकत्र मिसळता येत. कोणत्या वस्तीने कोणाला मत दिलं ते कळू नये म्हणून. यंत्र केंद्रनिहाय आकडा देतं, तो जाहीर होतो, आणि कोणत्या गल्लीने आपल्याला मत दिलं नाही हे निवडून आलेल्याला कळतं. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणाऱ्या ‘टोटलायझर’चा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला, विधी आयोगाने २०१५ मध्ये उचलून धरला, अजून अमलात आलेला नाही. यंत्र हॅक होतं की नाही यावर आपण इतकं बोलतो, पण हा तोटा यंत्र अगदी चोख चालत असतानाच होतो.

आता अप्रिय बाजू. उत्तम पुरावा असला तरी हरणारा मान्य करेलच, असं नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने २०२० मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली सुमारे ५० लाख मतं हाताने पुन्हा मोजली आणि विजयी उमेदवार तोच निघाला. ज्यांना ओरडायचं होतं ते ओरडतच राहिले. ब्राझीलच्या यंत्रात कागदी चिठ्ठी नाही, पण मतदान संपलं की प्रत्येक यंत्रातून त्या केंद्राचा निकाल छापून दारावर लावतात. कुणीही त्या याद्या गोळा करून बेरीज ताडू शकतो. म्हणजे बेरजेतली लबाडी पकडता येते, यंत्राच्या पोटातली नाही. छापील मताची घटनादुरुस्ती तिथल्या कनिष्ठ सभागृहात ऑगस्ट २०२१ मध्ये पडली. तिचे समर्थक पुढे कसे वागले ते ८ जानेवारी २०२३ ला राजधानी ब्राझिलियात, संसद आणि सर्वोच्च न्यायालयावर जमाव चालून गेला तेव्हा, जगाने पाहिलं. त्यामुळे कागदाची मागणी करणारा प्रत्येकजण दंगेखोर, असं समीकरण तिथे रूढ झालं. हे मला चुकीचं वाटतं. मागणी चांगली असू शकते आणि मागणारा वाईट. मी माझ्यापुरतं एवढंच ठरवलं आहे की पडताळणी ओरडणाऱ्यासाठी करायची नसते. कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या, हरलेल्या बाजूच्या त्या एका गप्प प्रतिनिधीसाठी करायची असते. त्याला एखादा गठ्ठा स्वतः मोजावासा वाटला तर तो त्याच्यासमोर ठेवता आला पाहिजे.

थोडक्यात विचाराल तर यंत्र जरूर घ्या, पण कागद आधी आणि यंत्र नंतर. मतदाराने स्वतः खूण केलेला कागद स्कॅनरने मोजणं माझ्या मते सर्वात चांगलं. ते शक्य नसेल तर वाचता येईल इतका वेळ दिसणारी चिठ्ठी, आणि फरकाप्रमाणे बदलणारी सक्तीची पडताळणी, निकाल जाहीर होण्याच्या आधी. नंतर केलेली पडताळणी म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणं. सैनिक किंवा परदेशात असलेल्या मतदाराला कोरी मतपत्रिका इंटरनेटने पाठवायला हरकत नाही, भरलेली टपालाने परत येऊ दे. मतदार यादी, ओळख पटवणं, रांगांची व्यवस्था, केंद्रनिहाय आकडे संकेतस्थळावर लगेच टाकणं, इथे संगणक जितका वापराल तितका थोडाच. याच्यावर खर्च करायला कुणी उत्सुक नसतं, आणि माझ्या अनुभवात मतदार सर्वात जास्त कुठून परत फिरत असेल तर यादीत नाव न सापडल्यामुळे.

तुमच्या एखाद्या मंडळाची किंवा माजी विद्यार्थी संघाची निवडणूक ऑनलाइन घ्यायची असेल तर खुशाल घ्या. ती मोडण्यासाठी कुणी परदेशी सरकार पैसे खर्च करणार नाही. मात्र प्रशासकाचा पासवर्ड एकाच उमेदवाराच्या भाच्याकडे ठेवू नका. हे मी खरोखर घडलेलं पाहिलं आहे.